तलवारबंदीनंतरची जपानी तलवार

१/७ ज्यूदो, कराटे आणि केंदो या तिन्ही कला एकाच प्राचीन सामुराई परंपरेच्या शाखा आहेत, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात आज त्यांच्यात दिसणारे साम्य बव्हंशी १८७६ नंतरच्या सहा दशकांत घडवले गेले. त्या घडणीचा हा धागा.

२/७ त्यापूर्वी जपानमध्ये युद्धकलेची शेकडो घराणी होती. पंधराव्या शतकातील कातोरी शिंतो घराण्यात तलवारीबरोबरच भाला, काठी आणि लांब दांड्याचे नागिनाता हे शस्त्रही शिकवले जाई. निःशस्त्र झुंज, म्हणजे जुजुत्सु, हीदेखील अनेक घराण्यांत शस्त्रविद्येची पूरक होती.

३/७ मार्च १८७६ मध्ये मेइजी सरकारने सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली आणि तलवारविद्येचा आधारच गेला. मात्र पुढच्याच वर्षी सात्सुमाच्या बंडात ताबारुझाका येथे पोलिसांचे तलवारपथक उपयोगी पडले. त्यानंतर टोकियोच्या पोलीस दलात या विद्येला आश्रय मिळाला.

४/७ १८८२ मध्ये कानो जिगोरो यांनी कोदोकान स्थापन केले. जुजुत्सुतील घातक डाव मुक्त सरावातून वगळून त्यांनी ज्यूदो घडवला. ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र, ‘दो’ म्हणजे मार्ग. कौशल्याच्या ‘दान’ श्रेण्याही त्यांनीच युद्धकलेत रुजवल्या.

५/७ १८९५ मध्ये क्योतो येथे दाइ निप्पोन बुतोकुकाई ही संस्था उभी राहिली. १९१२ मध्ये निरनिराळ्या घराण्यांच्या तज्ज्ञांनी तलवारीचे समान ‘काता’ ठरवले. १९१९ मध्ये या संस्थेने ‘केंदो’ हे नाव स्वीकारले. थोरल्या तलवारविद्येने धाकट्या ज्यूदोचा साचा पत्करला, तो असा.

६/७ कराटेने याची किंमत अधिक मोजली. ही कला ओकिनावाची, आणि तिच्या नावाचा जुना अर्थ ‘चिनी हात’. १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी ती टोकियोत सादर केली. पुढे तिने ज्यूदोसारखा पोशाख आणि दान श्रेण्या घेतल्या. राष्ट्रवादाने भारलेल्या त्या काळात, १९३६ मध्ये, नाहा येथील बैठकीत गुरुजनांनी ‘रिकामा हात’ हे लेखन मान्य केले. उच्चार तोच राहिला. चीनचा उल्लेख पुसला गेला.

७/७ तलवारीचा खरा वारसा ऐकिदोत अधिक स्पष्ट दिसतो. उएशिबा मोरिहेई यांचे गुरू ताकेदा सोकाकू स्वतः निष्णात तलवारबाज होते, आणि ऐकिदोतील हातांच्या अनेक हालचाली तलवारीच्या वाराशी जुळतात. एकसारख्या साच्यामुळे या कला टिकल्या आणि शाळाशाळांत पोहोचल्या. पण घराण्यांचे वैविध्य आणि ओकिनावाची ओळख त्यात झाकोळली. म्हणून परंपरा किती जुनी, या प्रश्नाबरोबरच तिला आजचे रूप कोणी आणि कशासाठी दिले, हेही विचारावे लागते.