वेरूळची गादी, जांबचा मठ आणि तंजावरची भिंत

ऊस तुटून गेला की आमच्या तीर्थपुरीहून रामेश्वरची बस निघते. सोबत आचारी, शिधा, टाळ आणि पेटी. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी हे मुक्काम ठरलेले. तंजावरला मात्र तासाभराचा थांबा. बृहदीश्वराचा नंदी बघायचा, शिखराकडे मान वर करून हात जोडायचे, चपला शोधायच्या की पुन्हा गाडीत. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हा तास मला फार टोचतो. ज्या गावावर मराठ्यांनी जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं राज्य केलं, तिथं आपली माणसं परक्यासारखी येऊन जातात.

आणि ते राज्य आलं कुठून? आमच्याच मुलखातून. भोसल्यांचं मूळ वतन वेरूळचं. मालोजीराजांचा नातू व्यंकोजी, म्हणजे शहाजीराजांचा मुलगा आणि शिवरायांचा सावत्रभाऊ, विजापूरचा सरदार म्हणून दक्षिणेत उतरला. तंजावरच्या नायकांच्या भांडणात त्यानं १६७६च्या सुमारास गादी आपल्याकडे घेतली. त्याच तंजावरात दुसरी वाट पोचली ती आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबची. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला जन्मलेला नारायण पुढं समर्थ रामदास झाला. समर्थ तंजावरला गेले, व्यंकोजीराजांना भेटले, असं संप्रदायात सांगतात. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरच्या कारागिरानं घडवल्या आणि १६८२ साली समर्थांच्या निर्वाणाच्या जेमतेम चार दिवस आधी गडावर पोचल्या, हीही परंपरा. शिष्यांचे मठ मात्र नुसती आख्यायिका नव्हेत. तंजावरला भीमस्वामी, मन्नारगुडीला अनंतमौनी. २०२२ साली जांबच्या मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा आमच्या भागात घराघरांत हळहळ होती, आणि त्या सापडल्या तेव्हाचा आनंदही मी पाहिला. त्याच जांबचा धागा कावेरीकाठी पोचलेला आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं.

बृहदीश्वराच्या मंदिरात शिखराइतकंच भिंतींकडे बघा. राजराज चोळानं हे देऊळ १०१० साली पुरं केलं आणि त्याचा सगळा जमाखर्च दगडावर कोरवला. कुणी किती सोनं दिलं, कोणत्या गावानं किती धान्य द्यायचं, सगळं. देवाच्या सेवेसाठी गावोगावच्या देवळांतून आणवलेल्या चारशे नर्तकींची नावं त्यात आहेत. प्रत्येकीचं मूळ देऊळ आणि तिला मिळालेलं घर कोणत्या गल्लीत, कितवं, तेही. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव आणि घराचा पत्ता! ती लिपी मला वाचता येत नाही, पण तिच्यासमोरून पाय निघत नाही.

मग नैऋत्य कोपऱ्यात, गणपतीच्या देवळाकडे या. तिथल्या भिंतीवर एकदम ओळखीची अक्षरं दिसतात. देवनागरी, आणि भाषा मराठी. ओळीखाली ओळ, दाट. हा भोसले कुळाचा इतिहास चिटणीस बाबुरावानं लिहिला आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवला. मी बोट न लावता, ओळीवर नजर धरून वाचत गेलो. जोडाक्षरांशी अडखळत होतो, पण शहाजी, शिवाजी, एकोजी (म्हणजे व्यंकोजी) ही नावं लागली की पुढचं आपोआप उलगडायचं. शेजारून तमिळ बाया गणपतीला नमस्कार करून जात होत्या.

ही भिंत मला का हलवते ते सांगतो. १७९९च्या तहानं सरफोजींचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. हातात उरला होता किल्ला, वाडा आणि तनखा. अशा वेळी या माणसानं आपण कोण हे दगडात लिहून ठेवलं, तेही आपल्या भाषेत. श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याच्या हाताखाली तो शिकला होता. सरस्वती महाल ग्रंथालय त्यानं देशोदेशींच्या ग्रंथांनी भरलं. तिथं हजारो मराठी पोथ्या आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. शहाजीराजांची (व्यंकोजींचे पुत्र) मराठी नाटकं तिथलीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत खेळ केला, त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची! शाळेत आम्ही मराठी नाटकाची सुरुवात सांगलीपासून शिकवतो, तंजावरचं नाव घेत नाही. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे १८५५ साली पुरुष वारस नाही म्हणून तंजावरचं राज्यही कंपनीनं गिळलं.

जवळच्या देवळांत दारासुरमचं दगडी रथाचं देऊळ सगळे दाखवतात आणि ते सुंदर आहेच. पण मराठी माणसानं पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला जावं. गावाबाहेरच आहे. हे देऊळ व्यंकोजीराजांनी उभं केलं असं मानतात. देवीची मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक नाही, सुगंधी तेलाचं लेपन करतात. अंबडच्या मत्स्योदरीपुढे नवरात्रात ओटी घेऊन उभं राहणाऱ्या आमच्या बायकांना या गर्दीत अजिबात परकं वाटणार नाही.

आणि कीर्तन. रामदासी कीर्तन समर्थशिष्यांच्या मठांतून तिथं रुजलं, पुढे १८६४ साली मराठी कीर्तनकार मोरगावकरबुवा तंजावरला चातुर्मासाला राहिले आणि त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा नव्यानं घडवली. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं आपल्याच नावांनी राहिली आहेत, आणि कथेकरी तिथं आजही ती म्हणतात.