खुर्ची नको म्हणणारा चौधरी

एलिया कझान यांच्या 'व्हिवा झपाटा!' (1952) या चित्रपटात मार्लन ब्रँडोचा झपाटा सत्तेवर येतो आणि गाऱ्हाणं घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या नावाभोवती वर्तुळ काढतो. पूर्वी हुकूमशहाने झपाटाच्या नावाभोवती तसंच काढलेलं असतं. भानावर येताच तो राजवाडा सोडून गावी परततो. दिल्लीच्या अलीकडच्या इतिहासात त्याच्या जवळचा माणूस म्हणजे पश्चिम उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत. त्यांनी सत्तेपासून राखलेलं अंतर साधेपणाच्या खाती जमा केलं जातं. मला त्याचं मूळ खापमध्ये, म्हणजे गोत्राच्या पंचायतीत दिसतं. वडील वारले तेव्हा, वयाच्या आठव्या वर्षी ते बालियान खापचे चौधरी झाले. आपल्या सिसौली गावाच्या आसपास चौऱ्याऐंशी गावांत ज्याचा शब्द चालतो, त्याला आमदारकीची काय मातब्बरी?

1987 मध्ये वीजदरवाढीविरुद्ध करमूखेडीला आंदोलन झालं आणि गोळीबारात शेतकरी मेले, तेव्हा टिकैतांचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं. 25 ऑक्टोबर 1988 रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर लाखो शेतकरी उतरले. विजय चौकापासून इंडिया गेटपर्यंत ट्रॅक्टर, बैलगाड्या, चुली आणि हुक्के. शिधा गावाकडून येत राहिला, म्हणून ठिय्या आठवडाभर टिकला. भाड्याने गर्दी आणणाऱ्या पक्षाला हे जमलं नसतं. इंदिरा गांधींच्या पुण्यतिथीचा मेळावा काँग्रेसला दुसरीकडे हलवावा लागला. मात्र 35 मागण्यांपैकी हाती आली ती आश्वासनंच, आणि तेवढ्यावर टिकैत उठले. त्याला हार मानणारे चुकतात असं मी म्हणणार नाही. पण उसाचा भाव आणि विजेचं बिल हे राजधानीच्या हिरवळीवरचे प्रश्न झाले, ही कमाई खरी.

खाप ही जमीनधारक जाटांची, तिथे भूमिहीन दलित आणि बायकांना बसायला जागा नाही, हा आक्षेप मात्र मला बिनतोड वाटतो. ज्या भावकीने टिकैतांना मोठं केलं, तिनेच त्यांची सीमाही आखली. 2 ऑक्टोबर 1989 रोजी त्याच बोट क्लबवर शरद जोशींबरोबरची एकजूट व्यासपीठावरच फुटली. अर्थशास्त्रातून शेतमालाच्या भावाकडे पाहणारी जोशींची शेतकरी संघटना आणि भावकीच्या बळावर उभी टिकैतांची भारतीय किसान युनियन यांचा मेळ बसला नाही. जोशी पुढे राज्यसभेत गेले, टिकैत शेवटपर्यंत सिसौलीचेच राहिले.

त्यांचे चिरंजीव राकेश टिकैत 2007 मध्ये विधानसभेला आणि 2014 मध्ये लोकसभेला उभे राहिले. दोन्ही वेळा हरले. पण कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात 28 जानेवारी 2021 च्या रात्री दिल्लीच्या गाझीपूर सीमेवर त्यांना रडू कोसळलं, तेव्हा गावंच्या गावं पुन्हा निघाली.