उरले एकोणतीस तास

हे ऑफिस कोण्या एकाचं नाही. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास कर सल्लागारांची जी ऑफिसं आहेत, त्यातलं कुठलंही समजा. क्लायंट अकोल्यापर्यंतचे: जिनिंगवाले, बियाणंवाले, अडते. प्रसंग आणि वेळा मी रचल्या आहेत. फाइल ज्या वाटेने घुसते ती वाट मात्र खरी आहे. जुलै २०२५ मध्ये युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांवर तिचा प्रयोग झाला, तोही नोकरीच्या अर्जाचं सोंग घेऊन.

१९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:१०. उरले २९ तास.
मेल येतो. नोकरीसाठी अर्ज, सोबत बायोडाटाची रार फाइल. कापसाचा सीझन, उद्या २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. सर टॅलीतून मान वर न करता म्हणतात, “एखादा पोरगा लागतेच आपल्याले. पाहून घे.”

११:१४.
ऑपरेटर फाइल उघडते. आत एकच बायोडाटा दिसतो. ती तो डाउनलोड्समध्ये काढते. या संगणकावरचं रार फायली उघडणारं विनरार मशीन घेतलं तेव्हाचं आहे, आणि विनरार आपणहून अपडेट होत नाही.

रारसारख्या आर्काइव्हमधल्या प्रत्येक फायलीसोबत तिचं नाव येतं आणि त्या नावातच ती कुठे ठेवायची ते लिहिलेलं असतं. ‘..’ म्हणजे एक फोल्डर वर. डाउनलोड्समधून एक पायरी वर चढलं की वापरणाऱ्याचं मुख्य फोल्डर लागतं. तिथून ॲपडेटा, रोमिंग असं खाली उतरत गेलं की येतं स्टार्टअप. या फोल्डरमध्ये जे असेल ते विंडोज दर लॉगिनला न विचारता चालवतं. बायोडाटाच्या आड, विंडोजच्या एका सोयीचा फायदा घेऊन, न दिसणारे आणखी तुकडे ठेवलेले असतात. फाइल कुठे उघडली जाईल हे हल्लेखोराला ठाऊक नसतं. म्हणून कुठे एक पायरी, कुठे दोन, कुठे पाच, अशा अनेक वाटा तो भरून ठेवतो. चुकलेल्या वाटांच्या सूचना खाली उमटतात. त्याही झाकाव्यात म्हणून मुद्दाम निरर्थक वाटांचा भरणा केलेला असतो, म्हणजे संशयास्पद ओळ दिसायला खूप खाली सरकावं लागतं.

ऑपरेटर दोन ओळी पाहते आणि खिडकी बंद करते. कोणीही तेच केलं असतं.

दुपारी ३:२०. उरले जवळपास २५ तास.
लाइन जाते. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, मशीन बंद पडतं. पावणेचारला लाइन येते, ऑपरेटर लॉगिन करते. सकाळपासून स्टार्टअपमध्ये पडून असलेला शॉर्टकट आत्ता चालतो. पडद्यावर काहीच दिसत नाही.

संध्याकाळी ७:३०.
अकोल्याच्या जिनिंगवाल्याचा टॅली बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला जातो. पेन ड्राइव्ह मशीनलाच लावलेला राहतो.

रात्र.
ऑफिसला कुलूप आहे, मशीन चालू आहे, हल्लेखोर आत आहे. ही रात्र टळली असती का? टळली असती. ईसेट कंपनीच्या संशोधकांना ही फट १८ जुलैला दिसली, २४ जुलैला त्यांनी विनरारच्या कर्त्यांना कळवलं, ३० जुलैला ७.१३ आवृत्ती बाहेर आली. साडेतीन महिने उपाय फुकट उपलब्ध होता.

रोगही जुनाच. २०१९ साली याच विनरारमध्ये एसीई फायली उघडणाऱ्या लायब्ररीत असाच दोष सापडला. ती लायब्ररी २००५ नंतर बदललेली नव्हती, तिचा मूळ कोड विनरारवाल्यांच्या हाती नव्हता, म्हणून एसीईची सोयच काढून टाकावी लागली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या टारफाइल लायब्ररीतला असाच दोष २००७ मध्ये नोंदला गेला आणि सुरक्षित वागणूक आपोआप लागू व्हायला २०२५ ची ३.१४ आवृत्ती उजाडली. अठरा वर्षं! मला याचा राग येतो, कारण दुरुस्ती मोठी नाही. लिहिण्याआधी सगळे ‘..’ सोडवून पूर्ण वाट काढायची, ती निवडलेल्या फोल्डरच्या आतच पडते का ते तपासायचं, पडत नसेल तर फाइल लिहायची नाही. फक्त नावात ‘..’ शोधणं पुरत नाही. विंडोजवर तिरकी रेघ दोन्ही बाजूंची चालते, सिमलिंकमधून, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यातून, बाहेर पडता येतं, आणि नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवली तर ‘अर्ज-जुने’ हे फोल्डरही ‘अर्ज’च्या आतलं वाटतं.

२० नोव्हेंबर, दुपारी १:००. उरले ३ तास.
रिटर्न भरणं जोरात सुरू आहे. मशीन जड चालतंय. सगळे दोष देतात जीएसटी पोर्टलला.

४:१०.
टॅलीचा डेटा उघडत नाही. फायलींची नावं बदलली आहेत, खंडणीची चिठ्ठी पडली आहे. पेन ड्राइव्हवरचा बॅकअपही तसाच. अकोल्याहून फोन: “सर, भरलं का आमचं?”

दोष त्या ऑपरेटरचा नाही. फाइल उघडणं हे तिचं कामच होतं आणि उघडलेली फाइल जागेवर ठेवणं हे सॉफ्टवेअरचं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ती तपासणी लिहावी आणि उलट्यासुलट्या सगळ्या वाटा देऊन ती रोज पडताळावी. आणि तुम्ही आज ऑफिसात गेलात की विनरारच्या हेल्पमध्ये आवृत्ती बघा. ७.१३ पेक्षा जुनी असेल तर अधिकृत संकेतस्थळावरून नवी टाका, त्याच मशीनवर अनरार लायब्ररी वापरणारी दुसरी सॉफ्टवेअर असतील तर तीही अपडेट करा, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा.