खर्जाला मोठे खोके का?

सांगली जिल्ह्यातील मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे घडवत आले आहेत. खालच्या सुराला मोठा भोपळा हवा, हे ते अनुभवाने जाणतात. घरच्या सिनेमासाठी आपण सबवूफरचे मोठे खोके बांधतो, त्यामागचे कारण मात्र वेगळे आहे.

राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली स्पीकरचा आजचा नमुना मांडला. त्याचा पडदा पुढची हवा दाबतो, तेव्हा मागची विरळ होते. हे दोन तरंग एकमेकांना पुसतात आणि खर्ज हरवतो. खोके त्यांना वेगळे ठेवते. पण लहान खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला अडवते, म्हणून ते मोठे हवे. थुरास यांनी खोक्याला वाट ठेवून मागचा तरंगही कामी लावला (पेटंट १९३२). थील यांनी १९६१ साली त्याचे गणित बसवले.

आम्ही सुचवतो, खंडाळ्यासारख्या गावच्या शाळेतही हे करून पाहावे. उघडा स्पीकर वाजवा; मग भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर बसवून वाजवा. फरक विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.