शीळफाटा : वाटांचा आणि विचारपुशीचा इतिहास

ठाणे शहराच्या आग्नेयेला, पारसिकच्या डोंगररांगेपलीकडे, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-डोंबिवलीकडून येणारा कल्याण-शीळ रस्ता आणि डोंगर ओलांडून महापेकडे उतरणारा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, त्या जागेला शेजारच्या शीळ गावावरून शीळफाटा हे नाव मिळाले आहे. न्हावाशेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांच्यामध्ये धावणारे कंटेनर आणि डोंबिवली-कल्याणहून नवी मुंबईत नोकरीला जाणारी माणसे यांची येथे रोज गाठ पडते, आणि त्यामुळे वाहतूक कोंडी ही या ठिकाणाची सर्वांत ठळक ओळख होऊन बसली आहे. दिवसातून दोनदा येथून जाणाऱ्याला डोंगर, जलवाहिन्या, गावांच्या नावांच्या पाट्या सगळे पाठ असते. परंतु परक्या गावी उतरल्यावर जो माणूस हे देऊळ कोणाचे, हे पाणी कुठून येते असे सहज विचारतो, तोच माणूस रोजच्या वाटेवर असा एकही प्रश्न विचारत नाही. वास्तविक ठाणे-कल्याण परिसराचा जो इतिहास आज उपलब्ध आहे, त्यातला बराचसा भाग कोणीतरी वाटेत थांबले, विचारपूस केली आणि ऐकलेले लिहून ठेवले म्हणूनच उरला आहे.

या प्रदेशाविषयीच्या जुन्या नोंदी प्रामुख्याने परक्यांच्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, म्हणजे तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती देणाऱ्या खलाशांच्या मार्गदर्शिकेत, कल्याणचा उल्लेख येतो आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे वळवली जात असल्याची तक्रारही येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार आणि लोहार दाते म्हणून भेटतात. मात्र ते आपले नाव, गाव आणि दान एवढेच सांगून थांबतात, कारण स्वतःच्या गावाचे वर्णन करण्याची गरज गावात राहणाऱ्याला वाटत नाही. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरकडे जाताना कल्याणवरून गेला आणि युद्धांनी उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराचे अवशेष पाहून त्याने त्यांचे जे वर्णन केले, ते सतराव्या शतकातील कल्याणसाठी आजही वापरले जाते. परक्याची नजर अनेकदा चुकते, ऐकीव गोष्टी खऱ्या मानते, हे खरेच. तरी तिने टिपलेले तपशील स्थानिकांच्या नजरेतून सुटलेले होते, हेही मान्य करावे लागते.

मराठीत मात्र जागा बारकाईने पाहून नोंदवण्याची स्वतःची परंपरा आहे आणि ती पुरेशी जुनी आहे. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ पंथप्रवर्तक चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले किंवा थांबले त्या जागांची नोंद करतो. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, जवळ काय आहे, असे तपशील त्यात श्रद्धेने दिलेले आहेत. यातील प्रेरणा धार्मिक असली, तरी जागेकडे पाहण्याची ती शिस्त कोणत्याही क्षेत्र-अभ्यासकाने शिकावी अशी आहे.

शीळफाट्यासारख्या जागेचा विचार करताना सर्वांत उपयोगी पडणारा अभ्यासक मात्र विसाव्या शतकातला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले गणितज्ञ १९४६ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, राहत होते पुण्यात, आणि डेक्कन क्वीनने ये-जा करीत होते. ही गाडी कर्जत, कल्याण, दिवा, ठाणे याच वाटेने मुंबईला जाते, म्हणजे पारसिकचा डोंगर कोसंबींच्याही नित्याच्या वाटेवर होता. रोज तोच प्रवास करणाऱ्या माणसाची जिज्ञासा बोथट होते, हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा ठरवला आहे. पुण्यात घरामागच्या टेकडीवर आणि आसपासच्या शेतांत फिरताना त्यांना सूक्ष्म पाषाणास्त्रे, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाच्या छिलक्यांपासून केलेली नखाएवढी प्रागैतिहासिक हत्यारे, सापडत गेली. ती जिथे जास्त सापडतात त्या जागांवर शेंदूर लावलेले दगड आणि देवींची ठाणी का असावीत, असा प्रश्न त्यांना पडला. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी धनगर, कोळी, गुरव, शेतकरी अशा माणसांना त्यांच्या देवांविषयी, यात्रांविषयी आणि गुरे नेण्याच्या वाटांविषयी विचारले.

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात चव्हाट्यांवरील मातृदेवतांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्त सायंकाळची पूजा आटोपून आपल्या मित्राला, मैत्रेयाला, चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी अर्पण करायला सांगतो. संस्कृतचे वाचक शतकानुशतके ज्या वाक्यावरून पुढे गेले, तिथे कोसंबी थांबले आणि त्यांनी विचारले की, या माता कोण, आणि त्यांची जागा घरात किंवा गावात नसून वाटा मिळतात तिथे का? त्यांचे उत्तर असे की, गावे वसण्यापूर्वी शिकार करणारे, कंदमुळे गोळा करणारे आणि गुरे चारणारे लोक ऋतूंप्रमाणे ज्या वाटांनी फिरत होते, त्या वाटा जिथे एकमेकींना छेदत तिथे हे लोक भेटत, देवाणघेवाण करीत आणि देवतांना भजत. पुढे शेती आली, गावे स्थिरावली, तरी ती ठाणी गावाबाहेर, वाटेवरच राहिली. कार्ल्याच्या लेण्यांसारखी बौद्ध स्थळे व्यापारी मार्गांजवळ आणि जुन्या देवींच्या शेजारी का आहेत, याचाही उलगडा त्यांनी याच सूत्राने केला. सूत्राचा प्रत्येक तपशील आज सर्व अभ्यासकांना मान्य होईल असे नाही. परंतु प्रश्न विचारण्याची ती रीत अजूनही ताजी आहे, आणि तिला पायांखालच्या वाटेशिवाय फारसे साधन लागत नाही.

शीळफाट्याच्या आसपासची मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची आहे, आणि ठाणे-रायगडातील आगरी-कोळी कुटुंबे आजही चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला जातात. खाडीकाठचा माणूस आपल्या देवीसाठी घाट चढून जातो, ही गोष्ट कोसंबींनी किनारा आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या प्राचीन वाटांच्या संदर्भात पाहिली होती. जुन्या पुणे रस्त्याने जाणारी एखादी पालखी कोंडीत अडकलेल्या मोटारीच्या काचेतून दिसली, तर तिच्यामागे इतका मोठा इतिहास आहे, हे जाणून पाहणाऱ्याला ती निश्चितच वेगळी दिसेल.

घरी बसून ऐकणाऱ्याच्या कुतूहलाचे उदाहरण कल्याणातच आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भटजी कर्जाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले, कारण बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले होते. परंतु वाटेत बंड उसळले आणि दक्षिणेसाठी निघालेला हा याज्ञिक झाशीच्या वेढ्याचा प्रत्यक्ष साक्षीदार झाला. गोडसे भटजी परतल्यावर बरीच वर्षे ही हकीकत सांगण्यापुरतीच राहिली. ती कागदावर उतरली, याचे श्रेय १८६१ मध्ये कल्याणला जन्मलेल्या चिंतामण विनायक वैद्य यांना जाते. वैद्यांनी १८८३ च्या सुमारास भटजींना सर्व लिहून काढायला लावले, आणि सरकारचा रोष ओढवेल या भीतीने अडलेले ते लेखन स्वतः संपादित करून १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. भटजींनी राण्या, राजवाडे आणि लढाया यांच्याइतक्याच आपुलकीने विहिरी, जेवणावळी, दक्षिणेचे हिशेब आणि वाटेतली लुटालूट लिहिली आहे. झाशी सोडून गेलेल्या लक्ष्मीबाईंची भटजींशी वाटेवरच्या विहिरीपाशी पडलेली गाठ हा प्रसंग तर मराठी वाचकांच्या स्मरणात कायमचा राहिला आहे. येथे प्रवास एकाने केला आणि कुतूहल दुसऱ्याने दाखवले. विशी ओलांडलेल्या तरुणाने ओळखीतल्या वृद्धाला नीट विचारले नसते, तर मराठी गद्य एका अस्सल पुस्तकाला मुकले असते.

त्याच १८८३ साली कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या पत्रांच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले, म्हणजे येथेही दूर गेलेल्या स्त्रीचा अनुभव मागे राहिलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या जिज्ञासेमुळे ग्रंथरूप झाला. या घटना एकट्यादुकट्या नव्हत्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक होते आणि जुन्या हस्तलिखितांच्या शोधात त्यांनी आयुष्य वेचले. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची भूमी, लोक, व्यापार आणि स्थळे यांची सरकारने संकलित केलेली माहिती, प्रसिद्ध झाले. राज्यकर्त्यांचे कुतूहल महसुलाशी आणि कारभाराशी बांधलेले असते, तरीही स्थानिक माहितगारांनी पुरवलेले असंख्य तपशील त्या खंडांत टिकले आहेत.

वाटा मात्र बदलत राहिल्या आणि प्रत्येक बदलाने प्रवाशाचे थांबणे थोडे थोडे कमी केले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदराला उतरून पुण्याकडे जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ पासून कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली; मुंब्र्याजवळ खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ती वळसा घेऊन जाई. १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा सुरू झाला आणि वेगवान गाड्यांचा हा वळसाही वाचला. मोटारींच्या काळात, १९७० च्या दशकाच्या आरंभी वाशीचा खाडीपूल होईपर्यंत, मुंबईहून पुण्याकडे रस्त्याने जायचे तर ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल हीच वाट होती. त्यामुळे मुंबई-पुणे प्रवाशाला आज आडवाटेचे वाटणारे हे ठिकाण दोन पिढ्यांपूर्वी दोन महानगरांमधल्या मुख्य रस्त्यावर होते. आता वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा बोगदा होत असून त्यातील ७ किलोमीटर खाडीखालून जातात; एकूण बोगद्यापैकी घणसोली ते शीळफाटा या सुमारे ४.९ किलोमीटरच्या भागाचे खोदकाम सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाले. इतके मोठे काम पायांखाली चालू असताना त्याविषयी न विचारणे हे खेदाचेच म्हणावे लागेल.

फाट्यावरून कल्याणकडे निघाल्यावर विचारण्याजोगे पुष्कळ आहे. रस्त्याला समांतर धावणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी उद्योगांना आणि शहरांना पुरवतात, म्हणजे महापेतील कारखान्याचे आणि कित्येक घरांचे दिवसभराचे पाणी याच पोलादी नळांतून वाहते. पुढे देसाई, पडले, खिडकाळी ही गावे लागतात. खिडकाळीच्या खिडकाळेश्वराला महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. काटई नाक्यावरून बदलापूरकडे वळले की पुढे अंबरनाथचे शिवमंदिर आहे, ज्याच्यावरील शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. शिलाहारांनी सुमारे साडेचारशे वर्षे उत्तर कोकणावर राज्य केले. त्यांच्या काळातील गधेगाळ, म्हणजे वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेला शाप गाढवाच्या चित्राने दाखवणारे दगड, उत्तर कोकणात अनेक गावांच्या शिवारात आणि देवळांजवळ आढळले आहेत. त्यांतले काही शेंदूर फासून देव म्हणून पुजले जात होते, तर काही वाटेतला अडथळा म्हणून बाजूला सारलेले होते. ते अभ्यासकांच्या नजरेस आले, ते गावातल्या कोणीतरी ‘हा दगड कसला’ असे विचारले म्हणून.

विचारपुशीचा अभाव किती महाग पडतो, हेही याच जागेने दाखवले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत मजूर होते, त्यांची कुटुंबे आणि लहान मुले होती. अर्धवट बांधकामात कोण राहते, ते कुठून आले आहेत आणि हे मजले कोणाच्या परवानगीने चढत आहेत, हे प्रश्न देशभर विचारले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

वाशीच्या पुलापूर्वीचा शीळफाटा, त्या वेळची भातशेती, दगडखाणी, खाडीकाठची मिठागरे आणि पुण्याकडे जाणाऱ्या मोटारींची वर्दळ ज्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली, ती माणसे शीळ, देसाई, पडले, खिडकाळी, दिवा या गावांत अजून आहेत, परंतु ती आता सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. कल्याण-डोंबिवलीतील आणि ठाण्यातील महाविद्यालयांनी, वाचनालयांनी आणि या रस्त्याने रोज जाणाऱ्या सुशिक्षित नोकरदारांनी त्यांच्याकडे जाऊन विचारावे, ऐकलेले तारीख-वारासह मराठीत लिहून काढावे आणि त्याची एक प्रत गावाजवळच्या ग्रंथालयात ठेवावी. हे काम येत्या दहा वर्षांत झाले नाही, तर नंतर ते कोणालाही करता येणार नाही.