बागेतील भिंत आणि पालघट देवी

भगिनींनो, मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लिहिण्याची सवय म्हणजे वाण्याची यादी. पण एक गोष्ट मनात घोळत होती, म्हणून धीर केला.

आपल्या कोपऱ्यावरची लहान बाग सर्वांच्या परिचयाची आहे. तिची मागची भिंत गेरूच्या रंगाची असून तीवर पांढरी चित्रे आहेत. वाघ आहे, मोर आहे, ताडावर चढणारा माणूस आहे, वाद्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर आहे आणि मधोमध नक्षीचा मोठा चौकोन आहे. मी रोज संध्याकाळी भाजीची पिशवी त्या चौकोनाला टेकवून बाकावर बसत असे. भिंतीकडे नीट पाहिले मात्र कधीच नव्हते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी डहाणूकडच्या. एकदा त्या माझ्याबरोबर बागेत आल्या आणि चटकन म्हणाल्या, "वहिनी, पिशवी उचला. तिथं देवी आहे." मी ओशाळले. चौकोनाच्या आत उभी असलेली ती आकृती म्हणजे पालघट देवी. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर हा चौक काढल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. कुडाची भिंत शेणाने सारवायची, तीवर गेरू द्यायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीने चित्र काढायचे. हे काम सवाशिणींचे. लग्नाची गाणी म्हणून विधी करणारी धवलेरी हीदेखील बाईच. दुसऱ्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो.

मावशींनी बाकीची भिंतही वाचून दाखविली. वाघ तिथे कोणाच्या अंगावर धावून जात नाही, कारण तो वाघोबा, म्हणजे देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. फेराच्या मध्ये जो वाजवितो आहे ते वाद्य तारपा. ते दुध्या भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे करतात. तारपेवाला वळेल तसा फेर वळतो, आणि नाचणारे त्याला पाठ दाखवीत नाहीत. मी मात्र देवीलाच पाठ लावून बसत होते!

मग मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. ही चित्रे घराच्या भिंतीवरून बाहेर आली ती 1970 नंतर. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणू भागात हिंडत होते. त्यापूर्वी बिहारमधील 1966-67 च्या दुष्काळात त्यांनी मधुबनीच्या बायकांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास लावले होते. इकडे गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यांना भेटले. मशे लग्न नसतानाही चित्रे काढीत. 1975 साली मुंबईत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2018 मध्ये ते वारले. त्यांचा मान योग्यच आहे. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायांनी चौक लिहिले, त्यांतल्या एकीचेही नाव मला त्या पुस्तकांत सापडले नाही. आपल्याही आजीने उंबऱ्यापुढे काढलेली रांगोळी कोणी जपून ठेवली? दुपारपर्यंत पायाखाली गेली, दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काढली.

आणखी एक गोष्ट वाचून मी फार वेळ गप्प बसले. ज्या लग्नासाठी हा चौक, त्याच लग्नासाठी वारली सावकाराकडून कर्ज घेई. ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांना त्याच्याकडे राबावे लागे, आणि ते सहसा फिटतच नसे. अशांना लग्नगडी म्हणत. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरीबाईंनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली असून ते 1970 साली प्रसिद्ध झाले. मावशींना मी हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "माझा आजा लग्नगडीच होता. आजीनं चौक लिहिला, दुसऱ्या दिवशी दोघं वाडीवर कामाला गेली."

त्या दिवसापासून भिंतीवरचा फेर मला नुसती शोभा वाटत नाही. पोटाला पुरे नसताना, डोक्यावर कर्ज असताना ज्या हातांनी तांदळाच्या पिठाने देवी लिहिली, ते हात मला त्यात दिसतात.

तेव्हा भगिनींनो, माझी एक सूचना आहे. बाक भिंतीपासून दोन हात पुढे सरकवावा म्हणून आपण मंडळातर्फे अर्ज करू. भिंतीजवळ एक लहान पाटी लावू, म्हणजे मुलांना वाघोबा, तारपा आणि पालघट कळतील. पाटीचे उद्घाटन करण्यास कोणा मोठ्या पाहुण्याला बोलावण्याची गरज नाही. मावशींना मी विचारले आहे. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "येईन, पण दुपारची भांडी झाल्यावर."

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.