इंग्रजी शिकवायला आले, आधी मराठी शिकले

नेरळहून बोलतोय. आज जरा इंग्रजीबद्दल बोलू. घाबरू नका, मराठीतच बोलणार आहे.

आपल्याकडची कितीतरी मुलं कर्जत लोकल पकडून मुंबईला इंटरव्ह्यूला जातात. काम येत असतं, पण समोरच्याने इंग्रजीत विचारलं की तोंडाला कुलूप लागतं. वर लाज वाटते ती वेगळीच. म्हणून आज विचारू या, की ही भाषा आपल्या भागात शिकवायला पहिल्यांदा जे आले, ते स्वतः कसे राहायचे, कसे बोलायचे?

फेब्रुवारी १८१३. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला हे पाहुणे नकोच होते. धर्माच्या भानगडीत व्यापार बिघडला तर? त्यांना परत जायचा हुकूम झाला. पण त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनीची नवी सनद मंजूर झाली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि ते टिकले.

टिकले म्हणजे काय केलं? मराठी शिकायला बसले! पंडित समोर, ते विद्यार्थी. उच्चार चुकायचे, पुन्हा म्हणायचं. कारण साधं होतं, बाजारात, देवळापाशी, धर्मशाळेत उभं राहून इंग्रजी बोललं तर ऐकणार कोण? त्यांनी मराठी शाळा काढल्या आणि शिकवायला बऱ्याचदा इथलेच पंतोजी पगारावर ठेवले.

हे जगणं सोपं नव्हतं बरं का. पावसाळा, ताप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पटकी, आपण कॉलरा म्हणतो तो. हॉलचा सोबती सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. हॉलने १८२५ मध्ये बायको-मुलांना प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठवलं. पुढच्याच वर्षी नाशिककडच्या फेरीवरून परतताना त्यालाही पटकीने गाठलं. वय ४१. घरचं कुणीच जवळ नव्हतं.

१८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं आलं. मुंबईत काम मांडण्याआधी दोघांनी कोकणात, बाणकोट-हर्णैकडे राहून मराठीचा अभ्यास केला. मार्गारेटने त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. १८३५ मध्ये ती इथेच वारली. जॉनने १८३२ मध्ये इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. तेव्हा नेरळला रेल्वे कुठली? ती आली १८५६ मध्ये. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल, मग चौक, खालापूर, खोपोली आणि वर बोरघाट. पुणे-अहमदनगरची मिशनं उभी राहिली ती याच वाटेने. आपल्या दारावरूनच ही माणसं गेली, म्हणा ना.

आता खरी गंमत. मिशनऱ्यांना वाटायचं, इंग्रजी शिकता शिकता मुलं बायबलकडे वळतील. मुलांच्या घरी वाटायचं, इंग्रजी आली की कचेरीत नोकरी लागेल. एकाच बाकावर दोन वेगळे हिशेब! दोघांनाही एकमेकांचा हिशेब पक्का ठाऊक होता.

कधीकधी हा व्यवहार महागात पडायचा. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात हलकल्लोळ झाला. पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण जात त्याला परत घेईना. प्रायश्चित्त देऊन घ्या, असं म्हणत पाठीशी उभे राहिले ते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. विचार करा, भाषा शिकायला गेलेलं पोर, आणि पणाला लागलं त्याचं घर.

पण बहुतेकांनी काय केलं? भाषा घेतली, धर्म तिथेच ठेवला. आपल्याच रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना शनवार तेली म्हणायचे, त्यांची मुलं मिशनच्या शाळांत गेली. विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. ते हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. उलट आपला धर्मग्रंथ त्यांना जास्त नीट वाचता येऊ लागला!

आणि जोतीराव फुले? पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्याच इंग्रजीतून थॉमस पेन वाचला. अहमदनगरला सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. शिकवणाऱ्याच्या मनात एक होतं, शिकणाऱ्याने त्यातून दुसरंच उभं केलं.

शिकवणारेही बदलले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं टिपण लिहिलं ते याच जॉन विल्सनने. आणि अमेरिकन मिशनने १८५४-५५ च्या पाहणीनंतर इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून मराठीवर दिला. का? इंग्रजी शिकलेला मुलगा गावात थांबत नाही, नोकरीला निघून जातो, हे त्यांनाही कळलं होतं. आपल्या प्लॅटफॉर्मवर सकाळी उभं राहिलं की आजही तेच दिसतं, नाही का?

म्हणून सांगतो, इंग्रजी शिकाच. पण ती येत नाही म्हणून मान खाली घालू नका. जे शिकवायला आले होते, तेही एकेकाळी मराठीच्या वर्गात अडखळत बसले होते. त्यांनी मराठी स्वतःच्या कामासाठी घेतली, आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी इंग्रजी आपल्या कामासाठी घेतली. तुम्ही कशासाठी घेताय, तेवढं मात्र स्वतः ठरवा.

तुमच्या घरात इंग्रजी पहिल्यांदा कोण शिकलं? आजी-आजोबांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!